विशेष शिक्षणातील वर्गसहायिका : भूमिका, प्रशिक्षण आणि उपनगरी महाविद्यालयांचे दायित्व

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांतील अनेक शाळांच्या वर्गांत अलीकडच्या काळात एक नवी व्यक्ती दिसू लागली आहे. ती वर्गशिक्षिका नसते आणि विशेष शिक्षिकाही नसते. बहुधा ती एकाच मुलाच्या शेजारी बसते, त्याची वही उघडून देते, फळ्यावरचा मजकूर त्याला पुन्हा सांगते, मधल्या सुट्टीत डबा खाऊ घालते, प्रसाधनगृहात नेते आणि तो अस्वस्थ झाला की वर्गाबाहेर घेऊन जाते. खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत तिला 'शॅडो टीचर' म्हणतात. विशेष शाळांत 'मदतनीस', 'काळजीवाहक' किंवा नुसते 'मावशी' म्हणतात. नावे अनेक असली तरी तिच्या कामाची व्याख्या, तिची पात्रता आणि तिचे प्रशिक्षण यांविषयी आपल्या शैक्षणिक चर्चेत फारसे बोलले जात नाही.

बी.एड. आणि डी.एड. झालेल्या विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणावर विपुल लेखन झाले आहे. ज्या मुलाला स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी आहे, त्याच्या शालेय दिवसातील सर्वाधिक तास मात्र पुष्कळदा या सहायिकेच्या सहवासात जातात. सर्वांत कमी प्रशिक्षित व्यक्तीकडे सर्वाधिक गरज असलेले मूल सोपवावे, ही विसंगती प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

लेखाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) वर्गसहायिकेची भूमिका स्पष्ट करणे, (२) तिच्या प्रशिक्षणाची कायदेशीर व ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडणे, (३) प्रशिक्षणाच्या आशयाचा ऊहापोह करणे, आणि (४) दिंडोशीसारख्या उपनगरी परिसरात महाविद्यालयांना या संदर्भात काय करता येईल, याचा विचार करणे. विवेचन कायदे, धोरणे व प्रकाशित अभ्यास अशा दुय्यम साधनांवर आधारित असून त्याचे स्वरूप वर्णनात्मक आहे.

लेखात 'वर्गसहायिका' हे स्त्रीलिंगी रूप वापरले आहे, कारण या कामात स्त्रियांची संख्या अधिक आहे. तथापि किशोरवयीन मुलग्यांच्या शारीरिक निगेसाठी पुरुष सहायकांची आवश्यकता असते, हे येथेच नमूद केले पाहिजे.

१. पार्श्वभूमी : स्थानिक स्त्री आणि बालशिक्षण

परिसरातील अल्पशिक्षित स्त्रीला थोड्या काळात शिकवून बालशिक्षणाच्या कामात सामावून घेणे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ या कामात त्यांच्या सहकारी होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार 'अंगणवाडी' या शब्दासह पुढे देशभर पोहोचला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने गावोगावी सेविका आणि मदतनीस अशी दोन पदे रुजवली.

विशेष शिक्षणाचा प्रवाह मात्र बराच काळ स्वतंत्रपणे वाहत होता. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळेची सुरुवात झाली. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' उभी राहिली. १९७२ साली डॉ. मिथू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली; ती आज 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते. या संस्थांनी विशेष शिक्षणाची व्यवस्था घडवली. परंतु ती प्रामुख्याने स्वतंत्र शाळांची व्यवस्था होती. एकात्मिक बालविकास योजनेच्या व्यवहारात अपंग बालके कशी वगळली जातात, हे डॉ. अलूर यांनी आपल्या 'इन्व्हिजिबल चिल्ड्रन' या अभ्यासात दाखवून दिले. अंगणवाडी होती, सेविका होती, मदतनीसही होती. अपंग मुलासाठी काय करायचे हे मात्र त्यांना कोणी शिकवले नव्हते.

अपंग मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळांत शिकवावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने (१९६४-६६) केली होती. १९७४ साली केंद्र शासनाने अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षण योजना सुरू केली. पुढे सर्व शिक्षा अभियानाने आणि २०१८ पासून समग्र शिक्षा अभियानाने हे काम विस्तारले. फिरते विशेष शिक्षक, संसाधन कक्ष, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता अशा तरतुदी त्यातून आल्या. मदतनीस भत्त्यामुळे मुलाला शाळेत आणणाऱ्या व्यक्तीस थोडा आर्थिक आधार मिळाला. शाळेच्या दारातून आत गेल्यावर त्या व्यक्तीने काय करावे, हा प्रश्न तसाच राहिला.

२. कायदेशीर चौकट

या विषयात तीन कायद्यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

पहिला, भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२. या अधिनियमाच्या कलम १३ नुसार, मान्यताप्राप्त पात्रता नसलेल्या आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीस पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. उल्लंघनासाठी शिक्षेचीही तरतूद आहे. विशेष शिक्षक हा या व्यावसायिकांमध्ये मोडतो. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाने किंवा खासगी वर्गाने काही आठवड्यांचे प्रमाणपत्र देऊन 'विशेष शिक्षिका' असे बिरुद लावणे गैर ठरते. सहायिका ही विशेष शिक्षिकेच्या देखरेखीखाली काम करणारी व्यक्ती आहे, ही सीमारेषा प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी स्पष्ट व्हावयास हवी.

दुसरा, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. त्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अपंग बालकांचा अंतर्भाव स्पष्टपणे केला आणि तीव्र अथवा बहुविध अपंगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला.

तिसरा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्याच्या कलम १७ मध्ये, शालेय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर समावेशक शिक्षणास साहाय्य करण्यासाठी व्यावसायिक आणि कर्मचारी यांना प्रशिक्षित करण्याची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली आहे. येथील 'कर्मचारी' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याला केवळ शिक्षक अभिप्रेत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे प्रकरणातील २०२१ च्या निकालात विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचे निकष ठरविण्याचे निर्देश दिले आणि सर्वसाधारण शाळांतील इतर शिक्षक व कर्मचारी यांनाही सक्तीचे प्रशिक्षण देण्यावर भर दिला. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर १० विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण अधिसूचित केले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. तथापि एका केंद्रात अनेक शाळा असतात. विशेष शिक्षिका एका शाळेत असते तेव्हा उरलेल्या शाळांतील मुलांजवळ कोणी तरी असावेच लागते. ते 'कोणी तरी' म्हणजेच आपल्या चर्चेतील सहायिका होय.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने एक उल्लेखनीय प्रयत्न मे २०२१ मध्ये झाला. भारतीय पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने समुदायाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. तो उत्तीर्ण होणाऱ्यांना 'दिव्यांग मित्र' म्हणून ओळखले जाते. या अभ्यासक्रमाचा रोख वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांवर आहे. वर्गातील दैनंदिन साहाय्य हा त्याचा मुख्य विषय नाही. मात्र अल्प मुदतीचे, पण गंभीर आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण शक्य असते, हे त्यावरून सिद्ध होते.

३. साहाय्य आणि परावलंबन

सहायिका दिली की मुलाचे शिक्षण आपोआप सुधारेल, असा आपला सहज समज असतो. ज्या देशांत ही व्यवस्था आधी रुजली, तेथील अनुभव या समजाला छेद देतो.

अमेरिकेतील मायकेल जियांग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सर्वसाधारण वर्गांतील सहायकांच्या निरीक्षणावर आधारित एक लेख प्रसिद्ध केला. प्रौढ व्यक्ती सतत शेजारी असल्याचे अनेक दुष्परिणाम त्यात नोंदवले आहेत. वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी आपली मानत नाही. मूल सोबत्यांपासून वेगळे पडते. त्याला प्रौढावर विसंबण्याची सवय लागते. स्वतः निवड करण्याची संधी कमी होते. सहायिका स्त्री असेल तर मुलग्यालाही मुलींच्या प्रसाधनगृहात नेले जाते, म्हणजे त्याची लिंगओळखही सोयीपुढे गौण ठरते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ ते २००८ या काळात पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी शाळांतील साहाय्यक कर्मचाऱ्यांचा मोठा अभ्यास केला. त्यात आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा विचार होता. ज्या विद्यार्थ्यांना सहायकांचे साहाय्य अधिक मिळाले, त्यांची शैक्षणिक प्रगती तुलनेने कमी झाली, असा निष्कर्ष निघाला. मुलांची पूर्वीची पातळी आणि विशेष गरजा लक्षात घेऊनही हा फरक शिल्लक राहिला. संशोधकांनी याचा दोष सहायकांना दिला नाही. त्यांना पूर्वतयारीसाठी वेळ मिळत नव्हता, शिक्षकांशी त्यांचा संवाद नव्हता आणि मुलाला समजण्यापेक्षा काम पूर्ण करून घेण्यावर त्यांचा भर राहत होता, ही कारणे पुढे आली.

दोन्ही अभ्यास परदेशातील आहेत. त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करता येणार नाहीत. तथापि त्यांतील तर्क आपल्या वर्गांतही ओळखीचा वाटेल. साठ मुलांच्या वर्गात शिक्षिकेला एका मुलाकडे पाहण्यास सवड नसते. सहायिका आली की ते मूल शिक्षिकेच्या नजरेतून जवळजवळ नाहीसे होते. पालक सहायिकेचे मानधन स्वतः देत असतील, तर वही कोरी राहिल्याचा जाब तिलाच विचारला जातो. मग ती मुलाचा हात धरून, कधी स्वतःच लिहून, वही भरते. पालकसभेत भरलेली वही दिसते आणि मूल होते तेथेच राहते.

म्हणून वर्गसहायिकेच्या प्रशिक्षणातील पहिले कौशल्य मदत कशी करावी हे नसून मदत केव्हा थांबवावी हे आहे. या एका सूत्राभोवती संपूर्ण अभ्यासक्रम उभा करता येतो.

४. प्रशिक्षणाचा आशय

(अ) साहाय्याच्या पायऱ्या. विशेष शिक्षणात साहाय्याची एक उतरंड मानली जाते : हात धरून करवून घेणे, स्पर्शाने सुचवणे, करून दाखवणे, खुणेने दाखवणे, शब्दांत सांगणे आणि शेवटी फक्त वाट पाहणे. सहायिकेने मुलाला आज कोणती पायरी लागते हे ओळखावे आणि हळूहळू कमी साहाय्याच्या पायरीवर यावे. डब्याचे उदाहरण घेऊ. पिशवीतून डबा काढणे, झाकणाची कडी उघडणे, झाकण बाजूला ठेवणे, पोळीचा तुकडा तोडणे, भाजीला लावणे, तोंडात घालणे, शेवटी झाकण लावणे, असे त्याचे टप्पे करता येतात. एखाद्या मुलाला केवळ कडी उघडता येत नसेल, तर तेवढीच उघडून द्यावी. घास भरवल्याने वेळ वाचतो. पण उरलेल्या सहा टप्प्यांचे शिक्षण त्या घासाबरोबर हिरावले जाते. हे कळण्यासाठी पदवी लागत नाही. निरीक्षणाचा सराव मात्र लागतो.

(आ) वर्तनाचे आकलन. मूल ओरडले, बाकावर डोके आपटले किंवा वर्गातून पळाले, की 'हट्टी', 'मस्तीखोर' असे शब्द सहज वापरले जातात. त्याऐवजी घटनेपूर्वी काय झाले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर काय घडले, अशा तीन रकान्यांत रोजची नोंद ठेवण्यास सहायिकेला शिकवावे. तासाची घंटा वाजताच दर वेळी कान झाकणारे मूल आवाजाने त्रस्त आहे, हे आठवडाभराच्या नोंदीतून दिसते. गणिताच्या तासालाच पळणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर नेल्याने त्याला हवे तेच मिळते, हेही त्यातूनच कळते. या नोंदींचा अर्थ लावणे आणि उपाय ठरवणे हे विशेष शिक्षिकेचे किंवा मानसशास्त्रज्ञाचे काम आहे. परंतु विश्वासार्ह नोंद नसेल तर तज्ज्ञही अंदाजावर चालतो.

(इ) संवाद. बोलता न येणाऱ्या मुलाला सांगायचे काही नसते, असे मानणे हा मोठा अन्याय आहे. चित्रपत्रे, खुणा आणि संवादफलक यांचा वापर सहायिकेस आला पाहिजे. घरची भाषा, शाळेची भाषा आणि सहायिकेची भाषा या तिन्ही वेगळ्या असणे उपनगरांत नित्याचे आहे. अशा वेळी चित्रपत्रावर कोणता शब्द लिहायचा, पाणी, जल की वॉटर, हे शाळा, पालक आणि सहायिका यांनी मिळून एकदा ठरवावे व तोच शब्द सर्वांनी वापरावा.

(ई) शारीरिक निगा व प्रथमोपचार. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला योग्य स्थितीत बसवणे, उचलताना त्याच्या व स्वतःच्या पाठीची काळजी घेणे आणि मान सरळ ठेवून भरवणे ही कौशल्ये प्रात्यक्षिकाशिवाय येत नाहीत. फिट आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे हे प्रकार आजही आढळतात. मुलाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात, कपडे सैल करावेत, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे, एवढे प्रत्येक सहायिकेला पाठ असले पाहिजे. येथील चूक जिवावर बेतू शकते.

(उ) सुरक्षितता व प्रतिष्ठा. प्रसाधन आणि कपडे बदलणे यांत सहायिकेचा मुलाच्या शरीराशी थेट संबंध येतो. मूल बोलू शकत नसेल तर तो संबंध अधिकच नाजूक ठरतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार अशा अपराधाची माहिती मिळाल्यास ती कळवणे बंधनकारक आहे, याची जाणीव करून द्यावी. निगेपूर्वी मुलाला सांगणे, दार किंवा पडदा लावणे, शक्य तेवढे त्याचे त्याला करू देणे, तसेच मुलाविषयीची माहिती रिक्षात किंवा शाळेच्या फाटकावर न बोलणे, हा व्यावसायिक नीतीचा भाग होय.

(ऊ) सोबत्यांशी दुवा. सहायिकेने कोठे बसावे, हा साधा वाटणारा प्रश्न महत्त्वाचा आहे. ती मुलाला खेटून बसली तर शेजारचा विद्यार्थी त्याच्याशी बोलत नाही. दोन बाकांच्या अंतरावर थांबून, गरजेपुरते जवळ जाणे आणि इतर मुलांनाही मदत करणे यांमुळे ती 'त्याची बाई' न राहता वर्गाची सहायिका होते.

५. दिंडोशीचा संदर्भ

हा विषय एखाद्या परिसराच्या संदर्भात तपासला असता त्याचे व्यावहारिक स्वरूप स्पष्ट होते. गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्वेस, राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या दिंडोशीत मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने सर्वसामान्यांसाठी हजारो घरांची वसाहत उभी केली. तिच्या आसपास संतोषनगर, कुरार यांसारख्या दाट वस्त्या आहेत, तसेच उंच इमारतींची नवी संकुलेही आहेत. परिणामी महानगरपालिकेच्या शाळेत जाणारे दिव्यांग मूल आणि खासगी शाळेत पालकांनी नेमलेल्या सहायिकेसह बसणारे दिव्यांग मूल एकाच रस्त्याने शाळेला जातात. पहिल्याला साहाय्य मिळण्याची शाश्वती नसते. दुसऱ्याला मिळणाऱ्या साहाय्याच्या गुणवत्तेची नसते.

विशेष शिक्षणाच्या पदवी-पदविका देणाऱ्या नामवंत संस्था मुंबईत आहेत. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाक् व श्रवण क्षेत्रात कार्यरत आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग जुहूला आहे. परंतु बारावी झालेली, दोन मुलांची आई असलेली आणि सकाळी पाणी भरून, डबे करून घराबाहेर पडणारी स्त्री तेथवर दोन वर्षे जाऊ शकेलच असे नाही. २०२२ पासून मेट्रोची सातवी मार्गिका दिंडोशीहून धावू लागल्याने प्रवास सुकर झाला आहे. वेळ आणि शुल्क यांचा प्रश्न मात्र मेट्रोने सुटत नाही. अशा स्त्रीसाठी पायी जाण्याजोग्या अंतरावरचे, मराठी आणि हिंदीतून चालणारे प्रशिक्षण हाच व्यवहार्य मार्ग आहे. बालवाडी, अंगणवाडी व बचत गटांच्या कामाचा अनुभव असलेल्या स्त्रिया अशा वस्त्यांत असतात. दिव्यांग मुलांच्या मातांचाही येथे विचार व्हावा. वर्षानुवर्षांच्या निगेतून त्यांनी मिळवलेले ज्ञान कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदलेले नाही.

६. महाविद्यालयांसाठी अभ्यासक्रमाची रूपरेषा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये विशेष शिक्षणाच्या संदर्भात अल्पकालीन व अंशकालीन प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचा विचार मांडला आहे. धोरणाचा रोख शिक्षकांवर असला तरी त्यामागचा दृष्टिकोन सहायिकांनाही लागू पडतो. मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र व गृहविज्ञान हे विषय असलेल्या महाविद्यालयांनी पुढील रूपरेषेवर विचार करावा.

कालावधी सहा महिन्यांचा असावा. आठवड्यातून दोन दिवस महाविद्यालयात आणि तीन दिवस शाळेत, अशी विभागणी ठेवल्यास प्रात्यक्षिकाला अधिक वजन मिळते. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने किमान दोन प्रकारच्या शाळांत, म्हणजे एका विशेष आणि एका सर्वसाधारण शाळेत, काम करावे. प्रात्यक्षिकाचे पर्यवेक्षण पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेल्या विशेष शिक्षकाने करावे. मूल्यमापनात लेखी परीक्षेला कमी आणि प्रत्यक्ष निरीक्षणाला अधिक गुण असावेत. एका मुलाला एखादी दैनंदिन कृती शिकवताना सहा आठवड्यांत साहाय्य किती कमी झाले, याची नोंदवही हाच तिचा प्रकल्प व्हावा. प्रमाणपत्रावर 'वर्गसहायिका' हीच संज्ञा असावी आणि ते विशेष शिक्षकाच्या पात्रतेला पर्याय नाही, असे त्यावर स्पष्ट नमूद करावे. ज्यांना पुढे पदविका करावयाची आहे त्यांना मार्गदर्शन मिळावे, म्हणजे हे काम बंद गल्ली ठरणार नाही.

यात एक अट अनिवार्य आहे. सहायिकेबरोबर वर्गशिक्षिकेचेही किमान एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण व्हावे. परदेशातील अभ्यासांत दिसलेले दोष प्रामुख्याने दोघींमधील संवादाच्या अभावातून निर्माण झाले होते. रोज शाळा सुटल्यावर दहा मिनिटे दोघींनी उद्याच्या पाठाविषयी बोलणे ही खर्चाविना होणारी सुधारणा आहे.

काही मर्यादाही मान्य कराव्या लागतील. प्रशिक्षण दिले तरी वेतनाची हमी महाविद्यालय देऊ शकत नाही. पालकांनी नेमलेल्या सहायिकेला रजा, सुट्टीतील मानधन किंवा सेवेची शाश्वती क्वचितच असते. स्वस्तात मिळणारी सहायिका नेमून विशेष शिक्षकाचे पद रिक्त ठेवण्याचा मोह व्यवस्थापनांना होण्याचा धोकाही आहे. म्हणून सहायिकांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरताना विशेष शिक्षकांच्या नियुक्तीचा आग्रह सैल होता कामा नये.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. वर्गसहायिका ही समावेशक शिक्षणातील वास्तव परंतु अव्याख्यायित कडी आहे. तिची भूमिका विशेष शिक्षिकेपासून स्पष्टपणे वेगळी ठेवून निश्चित करणे आवश्यक आहे.

२. अप्रशिक्षित साहाय्य मुलाच्या प्रगतीस अडथळा ठरू शकते. साहाय्य क्रमाक्रमाने कमी करणे हे प्रशिक्षणाचे केंद्रीय उद्दिष्ट असावे.

३. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कर्मचारी-प्रशिक्षणाची तरतूद अंमलात आणण्यासाठी स्थानिक महाविद्यालये उपयुक्त माध्यम ठरू शकतात.

४. दिंडोशीसारख्या परिसरातील स्त्रियांसाठी जवळचे, परवडणारे आणि मातृभाषेतील प्रशिक्षण हे मुलांच्या शिक्षणाचे व स्त्रियांच्या रोजगाराचे असे दुहेरी कार्य साधू शकते.

चांगली सहायिका लाभलेल्या मुलाला वर्षअखेरीस तिची गरज कमी भासू लागते. आपल्या कामाचे यश आपली गरज कमी होण्यात मानावे, अशी अपेक्षा फार थोड्या व्यवसायांत केली जाते. ही अपेक्षा ज्या स्त्रीकडून आपण करतो, तिला प्रशिक्षण, मान आणि योग्य मोबदला मिळवून देणे हे शिक्षणक्षेत्रातील सर्वांचे, विशेषतः महाविद्यालयीन अध्यापकांचे, कर्तव्य होय.